धावण्याच्या जोडीला खेळही हवा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की कामठीच्या वस्त्यांतली मुले-मुली पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. शिवाय १०० मीटर धाव आणि गोळाफेक. पण रोज तोच डांबरी रस्ता, तेवढेच अंतर, तोच वेग. काही दिवसांनी नडगी दुखते, गुडघा धरतो आणि चाचणीआधीच सराव सुटतो. असे होऊ नये म्हणून काय करावे, हे आम्ही एका परदेशी खेळाच्या उदाहरणाने सांगतो.

त्या खेळाचे नाव रोलर डर्बी. पायात चाकांचे बूट घालून तो खेळतात. १९३५ साली अमेरिकेतील शिकागो शहरात तो सुरू झाला, तेव्हा ती कित्येक दिवस चालणारी दमसासाची शर्यत होती. आजचा खेळ २००० नंतर टेक्सासमधील महिलांनी उभा केला. प्रत्येक संघाच्या पाच जणी उतरतात. त्यांपैकी एक जण विरोधी संघाच्या चौघींना ओलांडून पुढे जाते. त्या तिला अंगाने अडवतात. एक डाव जास्तीत जास्त २ मिनिटांचा, मग ३० सेकंद विश्रांती. असा सामना ६० मिनिटे चालतो.

लांब पल्ल्याच्या धावपटूला याचा फायदा कसा होतो? पहिले, जोर आणि थोडी विश्रांती असे आलटून पालटून केल्याने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलू लागते. दुसरे, वाकून, बाजूला सरकून खेळल्याने मांड्या, कंबर आणि घोट्याचे स्नायू बळकट होतात. सरळ धावण्यात ते तेवढे वापरले जात नाहीत. तिसरे, चाकांवर पाऊल आपटत नाही, म्हणून नडगीला आराम मिळतो. पडण्याचा धोका मात्र असतो. म्हणून हेल्मेट, गुडघ्याचे व मनगटाचे पॅड लागतात आणि नीट पडायचे कसे, हे आधी शिकवतात.

चाकांचे बूट महाग पडतात, पण पहिले दोन फायदे आपल्या कबड्डीत आणि खो-खोतही आहेत. कबड्डीची चढाई ३० सेकंदांचीच असते. म्हणून आठवडा असा वाटून घ्या: दोन दिवस मातीच्या मैदानावर सावकाश लांब धाव, एक दिवस वेगाची धाव, दोन दिवस खेळ, एक दिवस गोळाफेक व जोर-बैठका, एक दिवस पूर्ण विश्रांती. खेळाच्या दिवशी सुरुवातीला २ मिनिटे जोरात आणि २ मिनिटे चालणे, अशा सहा फेऱ्या पुरेत. मग हळूहळू विश्रांती कमी करा.

सराव सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी जरूर करा. विदर्भात आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा जोराचा सराव करू नये. वाहकाला खेळता येते. पण त्याने जोर हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे आणि उन्हात सराव टाळावा. स्नायूंत अचानक तीव्र वेदना, छातीत दुखणे किंवा चक्कर आल्यास लगेच थांबून दवाखाना गाठावा. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

तथागतांचे शिष्य सोण कोळिविस चालता चालता पायातून रक्त येईपर्यंत साधना करीत. भगवंतांनी त्यांना वीणेची तार आठवून दिली: फार ताणली तर सूर नाही, सैल सोडली तरी नाही. हा मध्यम मार्ग सरावालाही लागू आहे. दुखणाऱ्या पायाने धावणाऱ्या मुलाला किंवा मुलीला घरच्यांनी दोन दिवस थांबवावे. त्यात वेळ वाया जात नाही. चाचणीच्या दिवशी पाय साथ देतात.