टंचाईतला माल

लष्कराच्या जुन्या वस्तू जमवणाऱ्यांमध्ये पिस्तुलाच्या चामडी कव्हराला, म्हणजे होल्स्टरला, मोठा मान. कापडाचं, रबरी किंवा कागदाच्या लगद्याचं होल्स्टर पुढे आलं की ‘हा टंचाईतला माल’ म्हणून नाकं मुरडली जातात. जळगाव-धुळ्याच्या माणसानं तरी मुरडू नये. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला पोचेना, तेव्हा तिथल्या गिरण्यांनी नाइलाजानं हिंदुस्थानच्या आखूड धाग्याचा कापूस उचलला. जळगावची पेठ त्या चार वर्षांत भरभराटली आणि 1865 मध्ये लढाई थांबताच भाव पडून पार झोपली. खानदेशचा कापूस स्वतःच कधीकाळी युद्धातला बदली माल होता.

दुसऱ्या महायुद्धात तुटवडा कातड्याचा पडला. जर्मन फौजेची बरीचशी वाहतूक शेवटपर्यंत घोड्यांवर होती. त्यांचा साज, शिपायांचे बूट, पट्टे, सगळ्यांनाच कातडं हवं. मग कागदाच्या लगद्यात राळ मुरवून, साच्यात दाबून, वर चामड्यासारखे रवे उठवलेलं ‘प्रेसस्टॉफ’ सर्रास वापरात आलं. दिसायला झकास, पण वारंवार दुमडलं की तडकतं. म्हणून अशी होल्स्टर नीट पाहिली, तर अंग लगद्याचं आणि झाकण जिथे वाकतं तिथे मात्र खऱ्या चामड्याचा तुकडा शिवलेला दिसतो. कातडं कुठे वाचवायचं आणि कुठे खर्चायचं, हा हिशेब त्या शिवणीत उघड वाचता येतो.

जपाननं 1942 मध्ये मलाया घेतलं, तशी त्यांची रबराची ददात मिटली. चामडं मात्र दुर्मीळच राहिलं. युद्धाच्या उत्तरार्धात नांबू पिस्तुलांसाठी रबर चढवलेल्या कॅनव्हासची होल्स्टर निघाली, ती त्यामुळे.

खरी गंमत ब्रिटिशांची. त्यांच्या पायदळाचे पट्टे 1908 पासूनच सुती. 1914 मध्ये पहिल्या महायुद्धासाठी भरती इतकी वाढली की विणणारे कारखाने पुरे पडेनात. मग बदली म्हणून त्यांनी काय काढलं? चामडं! ‘पॅटर्न 1914’ हा चामडी संच म्हणजे सुती पट्ट्यांच्या टंचाईतला माल. संग्राहक आज त्यालाच अस्सल म्हणून कुरवाळतात.

आपल्याकडे सापडण्याची शक्यता अधिक ती 1937 च्या ब्रिटिश पॅटर्नच्या होल्स्टरची. बाजेच्या नवारीसारखी जाड सुती वीण, झाकणाला पितळी टिचबटण, पाठीमागे पट्ट्यात अडकवायचे पितळी आकडे आणि आत नळी साफ करायच्या गजासाठी शिवलेला अरुंद कप्पा. हिंदुस्थानात विणलेला माल विलायती मालापेक्षा खरबरीत लागतो. शिक्क्यात साल आणि सरकारी मालकीच्या बाणाच्या खुणेसोबत इंग्रजी ‘आय’ दिसलं तर तो इथलाच. असं होल्स्टर ‘आजोबांचं’ म्हणून घरात निघालं तर आजोबांचं काम काय होतं ते आधी विचारा. साध्या शिपायाकडे रायफल असे. पिस्तूल मिळे ते अधिकाऱ्यांना, रणगाड्यावरच्या जवानांना, लष्करी पोलिसांना.

नकला भरपूर आहेत. एक सोपी परीक्षा म्हणजे अंधारात अतिनील किरणांची टॉर्च मारणं. धागा निळसर पांढरा चमकला तर संशय घ्यावा, कारण कापड शुभ्र दिसावं म्हणून वापरली जाणारी ती रसायनं मुख्यतः युद्धानंतर रुळली. पण नंतर कुणी वॉशिंग पावडरनं धुतलं असेल तर अस्सल कापडही चमकतं, तेव्हा एवढ्यावर निकाल देऊ नये.

जतनाच्या बाबतीत मात्र आपलं ऊन कुणालाच सोडत नाही. जळगाव-भुसावळचा मे महिना रबरी कॅनव्हासला भेगा पाडतो, चामड्याचा ओलावा शोषून घेतो. प्रेसस्टॉफला पाणी वर्ज्य, ओल लागली की पापुद्रे सुटतात. शिवाय कागद म्हटल्यावर कसर आलीच. त्यातल्या त्यात सुती होल्स्टर निभावून नेतं. त्याची घडी घालू नये, आत साधं सुती कापड भरून कपाटात आडवं ठेवावं, पितळेला पॉलिश लावू नये.

राहिला कायदा. होल्स्टर म्हणजे शस्त्र नव्हे. पण जुन्या ट्रंकेत त्याच्या आत रिव्हॉल्व्हरही निघालं, तर ‘गंजलंय, चालत नाही’ असा निवाडा स्वतः करू नका. थेट पोलीस ठाण्यात कळवा. पहिल्या महायुद्धातल्या वस्तूंनी आता शंभरी ओलांडली आहे. 1972 च्या पुरावस्तू कायद्याची मर्यादा तीच, त्यामुळे असा नग परदेशी गिऱ्हाइकाला पाठवण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करावी.