दिंडीचा ट्रक आणि गळका गॅस

परदेशात ज्याला मोटरहोम म्हणतात, त्यात झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा आणि सोबत प्रोपेनची टाकी असते. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. चुडाव्यात मात्र अशी गाडी उभी राहिली तर पोरं तिच्याभोवती गोळा होतील. चाकावरचं घर आपल्याला नवं नाही, आपलं फक्त वेगळं दिसतं. पूर्णा तालुक्यातल्या या गावासारख्या कितीतरी गावांतून आषाढीच्या आधी दिंडीचे ट्रक भरले जातात. हौद्यात मधोमध फळ्या टाकून माळा केलेला असतो. वर वळकट्या आणि थकलेली म्हातारी माणसं, खाली पिठाची पोती, पातेली, तंबूचे बांबू, शेगडी आणि गॅसच्या दोन-तीन टाक्या. वरून ताडपत्री. पंधरा-वीस दिवस हेच घर असतं.

या घरात गॅस गळू लागला तर काय होतं आणि काय करायचं, हे समजून घेताना एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवावी. गॅसला धूर समजू नका, पाणी समजा.

आपल्या टाकीतला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. दोन्ही हवेपेक्षा जड, जवळजवळ दीड ते दोन पट. धूर वर चढतो, छपराला लागतो, फटीतून निघून जातो. हा गॅस खाली उतरतो, तळाला पसरतो, उताराकडे वाहतो आणि खळगा दिसला की तिथे थांबतो. आता ट्रकचा हौदा डोळ्यांपुढे आणा. तीन बाजूंनी पत्रा, मागे लावलेला फाळका. पाणी साठवायचं म्हटलं तर याहून सोयीचं भांडं शोधूनही सापडणार नाही. घरात दार उघडलं की उंबऱ्यावरून गॅस ओसरीत उतरतो. हौद्याला उंबरा कमरेएवढा.

थोडा हिशेब करू. हौदा 17 फूट लांब, 7 फूट रुंद धरला, तर तळाच्या एक फूट थरात सुमारे 3,400 लिटर हवा मावते. या हवेत गॅसचं प्रमाण शेकडा 2 च्या आसपास गेलं की ठिणगीने ती पेट घेऊ शकते. शेकडा 9-10 च्या वर गेलं तर पेटायला हवाच अपुरी पडते. पण कुणी फाळका उघडला, हवा मिसळली की तेच मिश्रण पुन्हा पेटण्याजोगं होतं. म्हणजे शेकडा 2 च्या हिशेबाने या थराला पेटतं करायला 70 लिटरही गॅस लागत नाही. वजनात दीडशे ग्रॅमच्या आसपास. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर न पेटवता तासभर उघडा राहिला तर साधारण एवढा गॅस बाहेर पडतो. आणि 14.2 किलोच्या भरल्या टाकीत मोकळा झाल्यावर सुमारे सहा हजार लिटर होईल एवढा गॅस दडलेला असतो. टाकीत तो द्रवरूपात असतो, म्हणून एवढ्याशा जागेत मावतो. एक लिटर द्रव उडालं की जवळपास अडीचशे लिटर वायू होतो. टाकी आडवी करू नये ती याचसाठी. उभ्या टाकीतून वायू गळतो, आडवीतून द्रव गळतं, आणि ते कातडीवर पडलं तर थंडीनेच भाजतं.

या गॅसला स्वतःचा वास नसतो. सडक्या कोबीसारखा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मर्कॅप्टनचा. गॅस पेटण्याच्या पातळीच्या पाचव्या हिश्श्याला पोचला की माणसाला वास कळावा, अशा बेताने ते घालतात. टाकी संपत आली की वास उग्र का होतो, हे अनेकींना पडलेलं कोडं आहे. मर्कॅप्टन गॅसपेक्षा सावकाश उडतं, त्यामुळे ते तळाच्या द्रवात मागे राहत जातं. वासाचा भरवसा मात्र अर्धाच धरावा. नाक थोड्या वेळात सरावतं आणि वास येईनासा होतो. हौद्यात बसलेल्याला ‘आता वास गेला’ असं वाटलं, तर बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं.

गळती बहुतेक वेळा टाकीच्या पत्र्यातून होत नाही. सांधे गळतात. टाकीच्या तोंडातलं रबरी वायसर चिरतं किंवा जागचं हलतं. रेग्युलेटर नीट ‘टक्’ करून बसलेला नसतो. नळी टोकाशी सैल होते, उंदीर कुरतडतात, पातेल्याचा काठ तिच्यावर घासतो. घरात टाकी वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात उभी असते. ट्रकमध्ये तीच टाकी खड्ड्याखड्ड्याला नाचते, शेजारच्या परातीवर आपटते आणि रेग्युलेटर तिच्या डोक्यावर तसाच असतो. खरी चूक इथेच आहे. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर काढायचा, हा नियम पाळला तर अर्ध्याहून अधिक धोका मुक्कामावरच राहतो, असं माझं मत.

मोठ्या स्वयंपाकाच्या भट्टीचं प्रकरण आणखी वेगळं. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब फार कमी करून सोडतो, फूटभर उंच पाण्याच्या दाबाएवढाच. भट्टीला जोडतात तो जास्त दाबाचा रेग्युलेटर गॅस कितीतरी जोरात सोडतो. नळीला तेवढंच छिद्र पडलं तरी गळती अनेक पटींनी मोठी. पन्नास माणसांची भाजी लवकर शिजावी म्हणून घरगुती नळीला हा रेग्युलेटर जोडणारे आचारी असतात. त्यांना अण्णा, मामा जे म्हणत असाल ते म्हणून थांबवा, पण थांबवा.

आता समजा, ट्रक परभणी मागे टाकून गंगाखेडच्या रस्त्याला लागला आहे आणि माळ्यावरून कुणी आजी ओरडली, “अगं, गॅसचा वास येतोय!”

ड्रायव्हरने गाडी मोकळ्या जागी बाजूला घ्यावी. ढाब्यासमोर नको, पुलाखाली नको, नाल्याच्या काठाला नको. गॅस तिकडेच उतरून साचेल. थांबल्यावर इंजिन एकदाच बंद करायचं आणि हौदा पूर्ण मोकळा होईपर्यंत पुन्हा चावी फिरवायची नाही. हौद्याच्या फटींतून गॅस खाली बॅटरीपर्यंत जातो. शिवाय डिझेल इंजिन हवेबरोबर आजूबाजूचा गॅसही ओढून घेतं आणि चावी बंद करूनही बेभान पळत राहू शकतं.

मग माणसं खाली. आधी टाकीकडे धावायची इच्छा होते, ती आवरावी. माळ्यावरच्या म्हाताऱ्यांना उतरवायला वेळ लागतो. हौद्यातला दिवा चालू असेल तर चालूच ठेवा, बंद असेल तर बंदच. बटण लावताना आणि काढताना, दोन्ही वेळा ठिणगी पडते. विठोबाच्या तसबिरीपुढची उदबत्ती, निरांजन, कुणाची बिडी विझवून टाका. फोन हौद्यात उभं राहून करायचा नाही. माणसांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला, पन्नासेक पावलं लांब न्या आणि तिथून 1906 लावा. गॅसगळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालतो. आग दिसत असेल तर 101 किंवा 112.

आता एकच माणूस, ज्याला टाकी माहीत आहे असा, वर जाईल. त्याने रेग्युलेटरची चावी बंद करायची, रेग्युलेटर काढायचा. त्यासरशी टाकीची झडप आपोआप मिटते आणि बहुतेक गळत्या इथेच संपतात, कारण नळी, सांधा, शेगडी सगळं मागे पडतं. तरीही सूं-सूं ऐकू येत असेल तर झडप किंवा वायसर गळतं आहे. मग तोंडावर टोपण दाबून बसवायचं. पेनाने, खिळ्याने आत डिवचायला जाऊ नये. झडप उघडते आणि मग हाताबाहेर जातं. टोपण बसवलेली टाकी उभीच उचलून मोकळ्या रानात नेऊन ठेवावी, विहिरीपासून लांब. गॅसचा जोर फार असेल, तर कुणीच आत जाऊ नये. ट्रक सोडून द्यावा आणि रस्त्यावरची वाहनं दोन्ही बाजूंनी थांबवावीत.

हौदा रिकामा करायचा तो पाणी काढतात तसा. फाळका पूर्ण खाली पाडा, ताडपत्री दोन्ही बाजूंनी गुंडाळा, वाऱ्याला आरपार वाट द्या. वरची खिडकी किंवा ताडपत्रीची एक कड उघडून भागत नाही. पाणी हौदाच्या काठावरून आपोआप बाहेर येत नाही. तळाशी वाकून दोघा-तिघांनी वास घ्यावा. पंखा लावू नये. मोटरहोममध्ये टाकीचा कप्पा राहत्या जागेपासून बंद केलेला असतो आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक ठेवलेलं असतं, तेही याच कारणाने. गॅसची सूचना देणारं यंत्र तिथे जमिनीलगत बसवतात, छताला नाही.

गळती शोधायची साबणाच्या फेसाने. बादलीत साबण फेसाळून फडक्याने सांध्यांवर लावा, बुडबुडा फुगला तिथे गळती. आगकाडी धरून पाहणारे अजूनही सापडतात. रेग्युलेटर काढलेल्या टाकीच्या तोंडात गॅसवाला थोडं पाणी ओतून बघतो, तो खरा जाणकार. बुडबुडे आले तर ती टाकी परत द्यायची. नळी पोलादी जाळीची असावी आणि पाच वर्षांनी बदलावी. टाकीच्या कड्यावर आतून ‘सी-27’ असं काही लिहिलेलं असतं, म्हणजे ती 2027 च्या तिसऱ्या तिमाहीत तपासणीला जायची आहे. घेताना बघून घ्या.

पावसात शेगडी हौद्यात घेऊन, ताडपत्री पाडून स्वयंपाक करण्याचा मोह होतो. त्यात गळती नसली तरी जळणारी शेगडी हवा खाते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. त्याला ना रंग ना वास. शेगडी बाहेर, ट्रकपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी नियम सोपा आहे: टाकी न्यायचीच नाही. आषाढीला मराठवाड्यातून पंढरपूरला खास गाड्या सुटतात, यात्रेकरू डबे भरून जातात. 26 ऑगस्ट 2023 च्या पहाटे मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खास डब्यात, लपवून नेलेल्या टाकीवर चहा-नाश्त्याची तयारी चालू असताना आग लागली. लखनौहून निघालेल्या त्या डब्यातली नऊ माणसं गेली. डबा उभा होता, दारं होती, पण बंद डब्यात गॅसला जायला वाट नसते.

दिंडीचा ट्रक भरताना पिठापासून मिठापर्यंत यादी होते. त्या यादीत एक जादा वायसर, एक साबणाची वडी आणि टाकीचं टोपण लिहायला सांगा. टोपण दोरीने टाकीलाच बांधलेलं येतं. पहिल्या दिवशी आपण दोरी कापतो, आणि आयुष्यभर ते घरी फळीवर, मिसरीच्या डबीशेजारी पडून असतं.