काचेची पेटी आणि आईची ऊब

'बाळाला पेटीत ठेवलंय' एवढे शब्द कानावर पडले की घरात रडारड सुरू होते. रुग्णालयात अशा कुटुंबांसोबत आम्ही कार्यकर्ते जातो, तेव्हा हेच पाहतो. बाळ हातचे गेले, असे सर्वांना वाटते. सासू सुनेला बोल लावते. म्हणून ही पेटी काय आहे, ते नीट समजून घेऊ.

पेटी म्हणजे इन्क्युबेटर, ऊब देणारे यंत्र. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसून जे करते, तेच ते करते. साधारण साडेसदतीस अंश सेल्सिअस उष्णता व हवेत ओलावा राखून अंडी फिरवत राहिले की सुमारे २१ दिवसांत पिल्ले निघतात. कुक्कुटपालनाचा मोठा धंदा यावरच चालतो. प्रयोगशाळेत रोगजंतू वाढवून रोग ओळखण्यासाठीही असे उबदार कपाट असते.

पॅरिसचे डॉक्टर स्तेफान तार्निए यांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि १८८० च्या सुमारास तशीच पेटी अशक्त बालकांसाठी करवून घेतली. ३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेल्या बाळाच्या अंगात चरबी कमी, कातडी पातळ. त्यामुळे ऊब टिकत नाही आणि ती राखण्यातच त्याची शक्ती संपते. पेटी ती शक्ती वाचवते. यात आईचा काय दोष?

कोलंबिया देशात बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडत. १९७८ साली डॉक्टर एदगार रेय यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारू पिल्लाला पोटाच्या पिशवीत वागवते, म्हणून तिला 'कांगारू' पद्धत म्हणतात. बाळ अत्यवस्थ नसेल तर जन्मल्यापासूनच असे करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. आई थकली तर बापानेही बाळ छातीशी घ्यावे. त्यात लाज कसली?

तेव्हा भगिनींनो, कमी वजनाच्या बाळाला जन्मताच आंघोळ घालू नका. डोक्याला टोपडे घाला, आईचेच दूध द्या. डॉक्टरांनी पेटी सांगितली तर नकार देऊ नका. मात्र दागिने गहाण टाकण्याआधी सरकारी रुग्णालयात चौकशी करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून तिथे आजारी नवजात बालकावर मोफत उपचाराची तरतूद आहे. हा हक्क आहे, तो मागून घ्या.