काळ्या रानाचा कस तुरीच्या मुळाशी

बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. तिथून मांजरेच्या खोऱ्याकडे, जनवाड्याच्या बाजूला उतरले की लाल माती मागे पडते आणि काळे रान सुरू होते. बेसाल्ट झिजून झालेली ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पेरणीला वापसा मोजकेच दिवस टिकतो. तो साधला नाही तर औत एक तर चिखलात रुतते, नाहीतर ढेकळांवर उडते.

अशा मातीला जपणारी पद्धत इथल्या घरांना नवी नाही. तिफणीच्या फणांतून मूग किंवा ज्वारी पडते आणि मागे सरते धरणाऱ्या बाईच्या मुठीतून तूर. मूग श्रावण-भाद्रपदात निघतो, तूर पौषापर्यंत उभी राहते. म्हणजे जूनपासून जानेवारीपर्यंत जमिनीत जिवंत मूळ असतेच. तुरीचे रोप हलकेच उपटून पाहा: मुळांवर गाठी दिसतात. त्यांतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. गळालेला पाला रानातच कुजतो. लाल रानात तूर आणखी एक काम करते. लोहाने बांधून ठेवलेला स्फुरद तिची मुळे पिसिडिक आम्ल सोडून मोकळा करतात, हे इक्रिसॅट या संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी 1990 मध्ये मांडले.

हैदराबादजवळ पाटनचेरूला असलेल्या याच संस्थेने 1976 पासून काळ्या जमिनीवर एक दीर्घ प्रयोग चालवला. एका भागात जुन्या रीतीने खरिपात रान पडीक ठेवून रब्बीचे पीक घेतले. दुसऱ्या भागात रुंद वरंबा-सरी पाडली, ज्वारीत तूर घेतली, खते मोजून दिली. चोवीस वर्षांनी दुसऱ्या जमिनीत हेक्टरी सुमारे 7 टन कार्बन जास्त भरला. वर्षाला हिशेब केला तर साधारण 300 किलो. माती अशी सावकाश सुधारते. एका हंगामात चमत्कार सांगणाऱ्यावर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

खरी अडचण घरातली आहे. तुराट्या चुलीला आणि कुडाला लागतात, कडबा जनावरांना. सगळे रानात पसरा, असे सांगणे सोपे. पण गोठा आणि चूल कशावर चालवायची? उत्तर वाटणीत आहे. कडबा गोठ्यात जावा, शेणखत होऊन रानात परतावा. तुरी बुडापाशी कापाव्यात, मुळे जमिनीतच कुजू द्यावीत. बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला रानात टाकावा.

शेजारच्या कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाचे मोल माती टिकेल तोवरच. ज्या घराला सोयाबीनचा रोख पैसा सोडवत नाही, त्याने त्यातच तुरीचे पट्टे घ्यावेत, एका एकरापासून सुरुवात करावी आणि दर दोन-तीन वर्षांनी माती तपासून सेंद्रिय कर्बाचा आकडा वहीत लिहावा. पुढच्या पिढीला जमिनीच्या उताऱ्याइतकीच ती वही उपयोगी पडेल.