आडवा वारा, उभा वारा

तुम्ही मळणी यंत्र पाहिलंय, पोरांनो. तिवई नाही पाहिली. यंत्रात एका अंगानं कणसं टाकायची, दुसऱ्या अंगानं ज्वारी निघते, तिसऱ्या अंगानं भुसा उडतो आणि सगळा आखाडा खोकत बसतो. आमच्या वेळी हे काम वाऱ्याकडं होतं. खळ्यात बैलांनी तुडवून झालेल्या मालाला मदन म्हणायचे. बाया ते पाटीत भरून वर द्यायच्या. वर म्हणजे तिवईवर. तीन पायांची, छातीएवढी उंच लाकडी घडवंची. तिच्यावर गडी उभा, पाटी डोक्याच्याही वर धरलेली. दाणे त्याच्या पायाशी पडायचे, भुसकट चार-पाच पावलं लांब. मधेच वारा पडला की तो हात तसेच वर ठेवून थांबायचा, आणि खालून कुणीतरी म्हणायचं, ‘आला, आला!’ की पाटी पुन्हा हलायला लागायची.

वर कशाला चढायचं, म्हणतोस? दाणा जास्त वेळ पडत राहतो, भुसाला लांब जायला सवड मिळते, हे एक कारण. खरं कारण दुसरं आहे: खाली वारा कमी असतो. वारा जमिनीला घासत जातो. अगदी खालचा थर ढेकळांना आणि धसकटांना अडकून जवळजवळ उभाच राहतो. त्याच्यावरचा त्याला अडखळतो, अडखळला की गिरकी घेतो, आणि गिरकी घेताना आपला थोडा जोर खालच्याला देऊन टाकतो. अशी घासाघीस वरपर्यंत चालते. सपाट खळ्यावर गुडघ्याच्या खाली जेवढा वारा, त्याच्या जवळजवळ दुप्पट तीन मीटर उंचीवर. त्यातही गंमत बघा. एक मीटरवरून दोनवर चढलात की वारा जेवढा वाढतो, तेवढाच आणखी वाढायला चारवर जावं लागतं, आणि पुन्हा तेवढ्यासाठी आठवर. म्हणून छातीएवढी तिवई पुरते, माडी बांधायची गरज नाही. आपल्या पणजोबांना हे गणित कुणी शिकवलं नव्हतं. पण तिवईची उंची त्यांनी बरोबर धरली होती.

आता वेळ. उपणणी, म्हणजे हे मदन वाऱ्यावर धरणं, पहाटे कधीच करत नसत. दहा-अकरा वाजता वारा सुटायचा, दुपारी रंगात यायचा, आणि दिवस मावळायला लागला की पडायचा. सूर्य मावळला म्हणून वाऱ्यानं का पडावं? त्याला काय संध्याकाळची पूजा असते?

कारण असं की ऊन हवेला फारसं तापवत नाही. ते हवेतून आरपार जातं आणि जमीन तापवतं. आपली ही काळी जमीन तर मेमध्ये उघडी पडली की दुपारी तिचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही पुढं जातो. तिला टेकलेली हवा तापते, हलकी होते, गोळ्यागोळ्यानं सुटून वर निघते. तिच्या जागी वरची हवा खाली येते. मेच्या दुपारी ही उलथापालथ दोन-दोन, तीन-तीन किलोमीटर उंच पोचते. घारी पंख न हलवता वर जातात त्या याच उसळत्या हवेवर बसून. नांगरटीच्या रानात वावटळ उठते ना, धूळ आणि पाचोळा घेऊन? एरवी न दिसणाऱ्या या उलथापालथीचा धुळीमुळं दिसलेला तो एक तुकडा. वरचा वारा कायम जोरात असतो, तिथं त्याला अडवायला कुणी नाही. दिवसा उलथापालथ सुरू झाली की तो जोर खाली उतरतो आणि आपण म्हणतो वारा सुटला. संध्याकाळी ती थांबते, वरचा जोर वरच राहतो. आपल्याकडं निजानीज झाली की तीनचारशे मीटरवर तो उलट आणखी मोकाट धावतो.

तर मुद्दा हा. अंगाला लागतो तो आडवा वारा. टोपी तोच उडवतो, पऱ्हाटी तोच आडवी करतो, म्हणून सगळे त्याच्याबद्दल बोलतात. पण शेताचा आणि आभाळाचा जो देण्याघेण्याचा व्यवहार आहे, उष्णता, वाफ, पानांना लागणारा कार्बन डायऑक्साइड, तो सगळा उभा वारा करतो. वर जाणारा आणि खाली येणारा. तो इतका मंद असतो की आपल्याला कधी जाणवतच नाही.

हा हिशेब मांडणाऱ्यांत पहिल्या काहींपैकी एक होता जेफ्री टेलर नावाचा इंग्रज तरुण. टायटॅनिक बुडाली १९१२ साली, हिमनगावर आपटून. पुढच्या वर्षी उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांवर नजर ठेवायला ‘स्कोशिया’ नावाचं जहाज पाठवलं, आणि त्यावर टेलर हवामानाचा माणूस म्हणून गेला. त्यानं जहाजावरून पतंग उडवले. संक्रांतीला उडवता तसे नव्हेत, चांगले मोठे, उपकरणं बांधलेले. न्यूफाउंडलंडजवळचं पाणी बर्फासारखं गार. उबदार समुद्रावरून आलेली हवा तिथं तळापासून थंड होत जाते. पतंगांनी किती उंचीपर्यंत किती थंडावा चढलाय ते सांगितलं, आणि टेलरनं त्यावरून उष्णतेची ने-आण करणाऱ्या गिरक्यांचं बळ काढलं. १९१५ साली त्याचा निबंध आला. हिमनग शोधायला गेलेलं जहाज, आणि हाती लागलं शेतावरच्या हवेचं गणित!

पण वाफेचा माग काढायचा कसा? वर जाते तेवढीच हवा खाली येते. नाहीतर शेतावर पोकळी तरी होईल नाहीतर ढीग तरी. मग शेताचं पाणी जातं कुठून? परभणीच्या बसस्टँडवर बघा. आषाढीच्या आधी जेवढ्या गाड्या पंढरपूरकडं सुटतात तेवढ्याच परत येतात; गाड्यांची वजाबाकी शून्य. पण जाणाऱ्या गच्च भरलेल्या आणि येणाऱ्या रिकाम्या, म्हणून माणसं मात्र पंढरपूरला पोचतात. हवेचं तसंच आहे. समजा, कपाशीच्या रानावर हवेचा झोत सेकंदाला वीस सेंटिमीटर वेगानं वर जातोय आणि त्याच्या एका घनमीटरात साडेपंधरा ग्रॅम वाफ आहे. मग तेवढ्याच वेगानं झोत खाली येतो, त्यात साडेचौदा. फरक एका ग्रॅमचा. अर्धा वेळ हा आणि अर्धा वेळ तो धरला, तर दर चौरस मीटरमागं सेकंदाला ग्रॅमचा दहावा भाग पाणी निघून जातं. हसू नकोस, पुढचं कर. तासाला ३६० ग्रॅम. एकराचे चार हजार चौरस मीटर धर. झाले की नाही तासाला चौदाशे लिटरच्या वर? आपली पाण्याची टाकी किती लिटरची आहे, आठव जरा.

हे मोजणारं यंत्र आता मिळतं. एका मनोऱ्यावर समोरासमोर दांड्यांच्या तीन जोड्या, त्या एकमेकींकडं ध्वनीच्या लहरी फेकतात. वाऱ्याबरोबर लहर लवकर पोचते, वाऱ्याविरुद्ध उशिरा. त्या फरकावरून वारा कुठल्या दिशेनं किती, उभासुद्धा, हे सेकंदाला दहा-वीस वेळा कळतं. शेजारी वाफ आणि कार्बन डायऑक्साइड तितक्याच झपाट्यानं मोजणारं दुसरं यंत्र. अमेरिकेत कॅन्सस राज्यात १९६८ साली गव्हाची कापणी झालेल्या सपाट रानात बत्तीस मीटरचा मनोरा उभा करून या विद्येची बैठक पक्की झाली. तिथली ध्वनीची यंत्रं आणि त्यांचं गणित यांत मोठा हात होता जे. सी. कैमल यांचा, मूळचे आपल्याच देशातले. पवनचक्क्या बांधणारे आजसुद्धा झोतांचा अंदाज घेताना कैमलांचं सूत्र वापरतात. आपल्याकडं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं आणि इतर संस्थांनी मिळून १९९० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात आणि गुजरातेत असेच मनोरे उभारून मोजण्या केल्या. मराठवाड्याच्या काळ्या रानावर असे मनोरे जागोजाग असावेत, असं मला फार वाटतं. इथं पाण्याच्या थेंबाथेंबावर भांडणं होतात, आणि वर गेलेल्या पाण्याचा हिशेब कुणी मागत नाही.

पाथरी-मानवतकडं जायकवाडीच्या कालव्यालगत ऊस आहे आणि शेजारी कोरडवाहू रानं. एप्रिलमध्ये त्या उसाच्या बांधावर उभे राहा. पडीक रानावरून येणारी हवा कोरडी, भाजलेली. तिथं पाणीच नाही म्हणून उन्हाची सगळी कमाई हवा तापवण्यात गेलेली. ती उसात शिरली की काठच्या ओळींतून अधाशासारखं पाणी ओढते. आत पन्नास पावलं गेलात की हवा ओलावलेली, गार, आणि तिची ओढ कमी. म्हणून काठचा ऊस आधी सुकतो. चहूकडं कोरडं रान आणि मधे एकच हिरवा तुकडा असला, तर त्याला पाणी जास्तच लागतं.

आता रात्रीकडं या. दिवस बुडाला की जमीन आपली ऊब आभाळात फेकायला लागते. तिला टेकलेली हवा थंड होते, जड होते आणि जागच्या जागी बसते. वर उबदार हवा, खाली गार. गिरकीला उठायला बळच नाही. मग चुलीचा धूर घरावरून चादरीसारखा पसरतो, वर जात नाही. पलीकडच्या गावचा हरिपाठ शेजारी चालल्यासारखा ऐकू येतो, कारण वरच्या उबदार हवेतून आवाज वाकून पुन्हा खाली येतो. फवारणीचंही हेच. अगदी वारा नाही म्हणून कुणी भल्या पहाटे पंप घेऊन निघतो, तर औषधाचे बारीक थेंब खालच्या गार थरात तरंगत राहतात आणि सरकत सरकत दुसऱ्याच्या वावरात नाहीतर आपल्याच नाकात जातात. जरा ऊन चढू द्यावं, दंव वाळू द्यावं, हलकी झुळूक असावी.

या रात्रीच्या हवेतलं सगळ्यात मोठं कोडं पुण्यात सापडलं. हवामान खात्यानं १९३२ साली पुण्याला शेतीहवामानाचा विभाग काढला, त्याचे प्रमुख एल. ए. रामदास. सी. व्ही. रामन यांचे शिष्य. हा माणूस मोठा मजेचा. काळ्या जमिनीवर त्यांनी पांढरी भुकटी पातळ पसरून पाहिली, तर दुपारची जमीन चांगलीच गार राहिली. रंगानं एवढा फरक! तर या रामदासांनी निरभ्र, निवांत रात्री उघड्या जमिनीवर वेगवेगळ्या उंचीला तापमापक लावले. सगळ्यांची समजूत अशी की सगळ्यात गार हवा जमिनीलगत असणार. त्यांना ती वीतभर ते हातभर वर सापडली. जमीन तिच्याहून उबदार! १९३२ साली त्यांनी आणि आत्मनाथन यांनी हे छापलं, आणि परदेशातल्या विद्वानांनी बरीच वर्षं मान हलवली: उपकरणात खोट असेल. पण पुढं इतरांनाही तेच दिसलं. बंगळुरूला रोद्दम नरसिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली त्याचं गणित मांडलं. नंतर तिथल्याच संशोधकांनी हवेतल्या बारीक धुळीच्या कणांकडं बोट दाखवलं, हे कणच आपली ऊब आभाळात फेकून भोवतालची हवा थंड करतात, असं. वाद अजून पुरता मिटलेला नाही. वारा सुटला की मात्र तो थर मोडतो. गिरक्या आल्या की असली नाजूक मांडणी टिकत नाही.

जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात. थंडीत तर आपण खरंच जर्मनीची बरोबरी करायला निघतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा तीन अंशांच्याही खाली उतरला होता. विद्यापीठाची मोकळी रानं ऊब भराभर सोडतात. शहरातल्या भिंती आणि डांबर ती रात्रभर पुरवून वापरतात. आणि गार हवा जड, ती पाण्यासारखी उताराला वाहते. म्हणून माळावरच्या तुरीला काही होत नाही आणि नाल्याकाठचं वावर करपतं.

कॅलिफोर्नियात संत्र्याच्या बागांत दहा-अकरा मीटरच्या खांबांवर मोठाले पंखे लावतात. कडाक्याच्या रात्री ते फिरवून वरची उबदार हवा खाली ओढतात. उभा वारा निजलाय, तर त्याला हातानं उठवायचं. नाशिकचे द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात, त्यात धुराचा उपयोग थोडाच, ऊब आणि तिनं हललेली हवा हीच कामाची.

आज रात्रीच्या थंडीचं आपण काय करायचं, म्हणतेस? पंखा परवडणार नाही, आणि आपल्या अर्ध्या एकर टोमॅटोसाठी तर नाहीच. आपल्याकडं विहिरीचं पाणी आहे. थंडीत ते हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, पहाटे वाफाळताना पाहिलंय तुम्ही. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री खालून वर पोचवते. कोरडी भुसभुशीत ती अडवून धरते. तेव्हा आज हलकं पाणी, सरीनं, आणि आधी नाल्याच्या अंगाला. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे, एरवी आपण तिच्या नावानं खडे फोडतो, आज ती सोयीची. थोरल्या, तू दारं धरायला चल माझ्याबरोबर, टॉर्च घे. धाकटीनं आजीजवळ झोपायचं. आणि उद्या सकाळी दोन्ही अंगाची पानं बघून मला सांगायचं, कुठली करपली ते.