सही नसलेले कापड

अमेरिकी कृष्णवर्णीय चित्रकार लॉइस मायलू जोन्स यांचे नाव निघाले की कॉर्कोरन गॅलरीचा किस्सा हटकून सांगितला जातो. 1941 साली वॉशिंग्टनच्या या गॅलरीत कृष्णवर्णीय चित्रकारांना मज्जाव होता. जोन्स यांनी आपले चित्र सेलीन ताबारी या गोऱ्या फ्रेंच मैत्रिणीच्या हाती पाठवले आणि त्याला चक्क पारितोषिक मिळाले. गॅलरीने जाहीर माफी मागितली ती 1994 मध्ये! किस्सा भारीच आहे. पण त्यापायी जोन्स यांचे पहिले काम मागे पडते. ते काम म्हणजे कापडावरची नक्षी.

जन्म बोस्टनचा, 1905 चा. तिथल्याच म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सच्या कलाशाळेत त्या 1927 पर्यंत शिकल्या. त्याच शाळेत काम मागितले, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत जाऊन आपल्या लोकांना शिकवा, असा शहाजोग सल्ला मिळाला. बोस्टनच्या एफ. ए. फॉस्टर आणि न्यूयॉर्कच्या शूमाकर या कंपन्या मात्र त्यांची डिझाइन्स विकत घेत होत्या. ती असत क्रेटोनसाठी, म्हणजे पडद्यांच्या आणि खुर्च्यांच्या जाडसर छापील कापडासाठी.

हे काम दिसते तितके सोपे नाही. चित्र चौकटीत संपते, नक्षीला संपून चालत नाही. उजव्या कडेला तुटलेले पान डाव्या कडेतून नेमके पुढे निघावे लागते, वरची फांदी खाली जुळावी लागते. नाहीतर अख्ख्या ताग्यावर जोड दिसत राहतो.

जोन्स यांच्या एका डिझाइनचे नाव होते ‘गँजेस’. आपली गंगा अमेरिकी दिवाणखान्यात कापड होऊन पोचली होती! एका सजावटकाराकडे ते कापड जोन्स यांच्या नजरेस पडले. हे माझे काम, असे त्यांनी सांगितले. पण एका कृष्णवर्णीय मुलीने ते केले असेल यावर त्याचा विश्वास बसेना. कापडावर सही नव्हती, दाखवणार काय? इतिहासात आपले नाव राहायचे असेल तर चित्रकारच व्हायला हवे, असे त्यांनी तेव्हा ठरवले.

पुढचे सर्वपरिचित आहे: 1930 ते 1977 हॉवर्ड विद्यापीठात अध्यापन, पॅरिसमधले वास्तव्य, हैतीच्या चित्रकाराशी विवाह. एलिझाबेथ कॅटलेट आणि डेव्हिड ड्रिस्केल हे कलावंत त्यांच्याच हाताखाली शिकले.

1970 साली त्या आफ्रिकेतील अकरा देश फिरल्या आणि नक्षी परत आली. ‘मून मास्क’ (1971) या चित्रात मधोमध मुखवटा आहे, आणि भोवती इथिओपियाच्या कापडांवरून घेतलेली नक्षी. सपाट रंग, धारदार कडा, पुन्हा पुन्हा येणारे आकार: क्रेटोनवर बसलेला हात इथे लपत नाही. कापडाची वर्षे उमेदवारीची म्हणून दोन ओळींत उरकणारे चरित्रकार इथेच फसतात.

जोन्स यांच्यापासून स्फूर्ती घेऊन कापड छापायचे असेल, तर त्यांचा मुखवटा उचलू नये. ती नक्कल होईल. त्यांची शिस्त घ्यावी. कागदाच्या मध्यभागी आकृती काढावी, कडा मोकळ्या सोडाव्यात. मग कागदाचे चार समान तुकडे करून समोरासमोरच्या कोपऱ्यांतले तुकडे आपसांत बदलावेत. बाहेरच्या कडा आत येतात आणि मध्ये रिकामी जागा उरते. ती भरली की नक्षी चारही बाजूंनी जुळते. रंग मोजकेच ठेवावेत. आणि कापडाच्या किनारीवर आपले नाव जरूर छापावे.