चोराने डीव्हीआरच पळवला तर? अ‍ॅपचे ‘लॉग’ दुसऱ्या सर्व्हरवर का पाठवतात?

दुकान फोडलं, ऐवज नेला आणि जाताना सीसीटीव्हीचा डीव्हीआरही उचलून नेला, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. कॅमेरे होते, पण रेकॉर्डिंग दुकानातच होतं. अ‍ॅप आणि बँकांच्या सर्व्हरवरही असंच होऊ शकतं. तिथलं रेकॉर्डिंग म्हणजे ‘लॉग’.

लॉग म्हणजे काय?

समजा, वाघोलीतल्या एका सोसायटीत गेटवरची नोंद अ‍ॅपवर होते. पार्सलवाला आला, फ्लॅटमधून कुणीतरी ‘हो’ दाबलं, गेट उघडलं. हे सगळं सांभाळणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम, म्हणजे ‘प्रोसेस’, प्रत्येक वेळी एक ओळ लिहून ठेवतो: किती वाजता, कोणत्या खात्यातून, काय झालं. उद्या चोरी झाली तर ‘दुपारी तीनला हो कुणी दाबलं?’ याचं उत्तर त्या ओळीत असतं.

पण हॅकरने सर्व्हरचा पूर्ण ताबा मिळवला, तर तो ती ओळ पुसू शकतो किंवा बदलू शकतो. म्हणून ओळ लिहिली जाताच तिची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर पाठवली जाते.

पुण्यातलं उदाहरण

11 आणि 13 ऑगस्ट 2018 ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून 94 कोटींहून जास्त रक्कम गेली. एटीएमवर कार्ड टाकलं की ‘पैसे द्यायचे का?’ हा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जातो. हॅकर्सनी मधेच बनावट यंत्रणा उभी केली आणि तीच परस्पर ‘मंजूर’ म्हणत राहिली. 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे 78 कोटी काढले गेले.

धडा हा की, जी यंत्रणा चोराच्या ताब्यात गेली, तिच्या एकटीच्या शब्दावर विसंबता येत नाही. वेगवेगळ्या यंत्रणांचे लॉग तिसऱ्या ठिकाणी जमा झाले, तर ताळा जुळवता येतो. एकीकडे हजारो वेळा पैसे निघाले आणि दुसरीकडे नोंदच नाही, हा फरकच धोक्याची घंटा ठरतो.

पाठवायचे कसे?

लॉग पाठवण्याची ‘सिसलॉग’ ही पद्धत 1980 च्या दशकात अमेरिकेत बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी तयार केली. जुन्या पद्धतीने पाठवलेला लॉग पोस्टकार्डासारखा असतो. वाटेत कुणीही वाचावा, हरवला तर कळू नये आणि दुसऱ्याच्या नावानेही पाठवता यावा. 2009 मध्ये ‘टीएलएस’ वापरून सिसलॉग पाठवण्याचं मानक आलं. हे बंद लिफाफ्यासारखं आहे. तुमच्या बँकेच्या वेबसाइटला ‘एचटीटीपीएस’ जे संरक्षण देतं, तेच इथे मिळतं.

पण फक्त लिफाफा पुरत नाही. आणखी काही गोष्टी लागतात:

- ओळख: दोन्ही सर्व्हरनी डिजिटल प्रमाणपत्र दाखवून एकमेकांची खात्री करायची.
- रांग: नेट गेलं तर ओळी डिस्कवर थांबवून ठेवायच्या, नेट आलं की पाठवायच्या.
- अधिकार: अ‍ॅपच्या सर्व्हरला नव्या ओळी टाकता याव्यात, जुन्या पुसता येऊ नयेत. लॉग सर्व्हरचा पासवर्ड आणि अ‍ॅडमिन खातंही वेगळं हवं.
- गाळणी: पासवर्ड, ओटीपी, कार्ड क्रमांक लॉगमध्ये लिहायचेच नाहीत. नाहीतर लॉग सर्व्हरच चोरासाठी खजिना होतो.

हॅकरने लॉग पाठवणंच बंद केलं तर? तोवर गेलेल्या ओळी तरी सुरक्षित राहतात. शिवाय नेहमी बोलणारा सर्व्हर अचानक गप्प झाला, तर त्याचाही अलर्ट लावता येतो.

नियम काय सांगतो?

‘सर्ट-इन’ ही देशाची सायबर सुरक्षा संस्था. तिच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी 180 दिवसांचे लॉग सुरक्षित ठेवायचे आणि सर्व्हरची घड्याळं प्रमाणवेळेशी जुळवायची. घड्याळं जुळली नाहीत, तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच ठरत नाही. ठरावीक सायबर घटनांची माहिती 6 तासांत कळवणंही बंधनकारक आहे.

तुम्ही काय करू शकता?

सोसायटीच्या बैठकीत गेटच्या अ‍ॅपचा विषय निघाला, की कंपनीला तीन प्रश्न विचारा. लॉग वेगळ्या सर्व्हरवर जातात का? ते पुसण्याचा अधिकार कुणाला आहे? आणि त्यात आमची कोणती माहिती लिहिली जाते? उत्तरं लेखी मागा. कोण कधी घरी आलं, याची नोंद शेवटी तुमच्याच घराची आहे.